कवा बंद पडती?

आमच्या व्याह्यांना जगातली कुठलीही वस्तू मुकाट्यानं चाललेली बघवत नाही. ती कुठंतरी चुकते आहे आणि ती चूक फक्त आपल्यालाच ऐकू येते, अशी त्यांची ठाम समजूत आहे; आणि वाईट म्हणजे ती बहुतेकदा खरी निघते. मुरुमला त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. आमच्या लेकीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींनी 'सावधान' म्हणायला तोंड उघडलेलं, तेवढ्यात नवऱ्या मुलाचे हे वडील हात वर करून ओरडले, "थांबा! जनरेटर घास गिळायलाय." अख्खा मांडव मुठीत अक्षता धरून ताटकळला आणि हे मांडवामागं उकिडवे बसलेले. मुहूर्त टळला, पण शेवटची पंगत उठेस्तोवर एकही दिवा मिचकला नाही. आमच्याकडं आले तरी तीच तऱ्हा. हिनं चहा पुढं केला, तर कपाकडं न बघता म्हणतात, "विहीणबाई, तुमचा फ्रीज धापा टाकायलाय."

त्यांचं एक शास्त्र आहे. "काय बिघडलं हे कुणीबी सांगंल. कवा बिघडतं ते सांगा." आणि काम करताना स्वतःशीच "निधान, निधान" असं पुटपुटत राहायचं. आम्हा धाराशिवकरांना निधान म्हणजे ठेवा; पण मुरुमहून कर्नाटक हाकेच्या अंतरावर, आणि तिकडं निधान म्हणजे सावकाश. त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा दिवसभर नोकरीवर. त्यामुळं हे सगळं शास्त्र ऐकायला घरात एक आमची लेकच. बिचारी पोळ्या लाटता लाटता "व्हय मामंजी, मलाबी ऐकू येतंय," म्हणते.

डोहाळजेवण झालं आणि लेकीला पहिल्या बाळंतपणाला आणायला आम्ही दोघं मुरुमला गेलो. आमची गाडी पंचवीस वर्षांची. तिची खोड अशी, की चालता चालता एकदम गप व्हायचं आणि पाच मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशा थाटात चालू व्हायचं. धाराशिवच्या तीन मेकॅनिकांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, वायरी बदलल्या. गाडी त्यांच्या हातात एकदाही बंद पडली नाही, माझ्या हातात पडल्याशिवाय राहिली नाही. तिघंही माझ्याकडंच संशयानं बघायला लागले होते.

"वाटेत दोनदा बंद पडली," असं दारातच माझ्या तोंडून गेलं. झालं! "पाव्हणं, दोष घावल्याबिगर सून ह्या गाडीत बसायची न्हाय." मी म्हटलं, भाड्याची करू. "तिचा आवाज म्या कुठं ऐकलाय? त्यापरीस बाळंतपण हितंच करू." हिचा चेहरा खर्रकन उतरला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून हिनं महिनाभर आधी बाज विणून घेतलेली, डिंक-मेथी आणून ठेवलेली. आणि माझ्या एका खटाऱ्यापायी ती बाज रिकामी राहणार! मला तर तोंड कुठं लपवावं कळेना.

व्याही माझ्या शेजारी डोळे मिटून बसले आणि आम्ही गावाबाहेरच्या खडबडीत रस्त्यावर निघालो. चौथ्या खड्ड्याला गाडी बंद. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. "आता म्या चालवतो. किल्ली द्या." मी सवयीप्रमाणं किल्ली जुडग्यातून काढून दिली. त्याच खड्ड्यांतून त्यांनी चार फेऱ्या मारल्या, गाडी साधी खोकली नाही. परत मी बसलो, किल्ली जुडग्यात अडकवली, निघालो, आणि बंद! मी अगदी रडकुंडीला आलो.

व्याही माझ्या हाताकडं टक लावून बघत होते. "पाव्हणं, मघाशी किल्ली काढून का दिली?"

"सवय हो. घराच्या किल्ल्या परक्याच्या हातात कशा द्यायच्या..." म्हणालो आणि जीभ चावली. व्याह्याला परका म्हणून बसलो होतो! पण त्यांचा चेहरा खुलला. "मंजी मेकॅनिकलाबी अशीच सुटी दिली?"

"तिघांनाही."

त्यांनी गाडी चालू करायला लावली आणि लोंबणारा जुडगा "निधान, निधान" म्हणत हळूच हलवला. गाडी ठप्प! त्या जुडग्यात घर, कपाट, शेतातल्या मोटारीची पेटी यांच्या किल्ल्या, आणि वाटेत गाडी बंद पडू नये म्हणून हिनं तुळजापूरहून आणून अडकवलेली, पितळी घुंगरं लावलेली कवड्यांची माळ. खड्डा आला की सगळं लटांबर झुलायचं, झिजलेल्या स्विचमधली किल्ली ओढली जायची आणि करंट तुटायचा. "देवी राखायला बसली व्हती, तुमी तिला किल्लीला टांगली," म्हणत त्यांनी माळ कपाळाला लावली आणि आरशाला बांधली. बाजारातून नवा स्विच आणून दुपारपर्यंत बसवलासुद्धा. मला असं हायसं वाटलं म्हणता! ही तर चक्क माझ्याकडं बघून हसली.

निघताना ते खिडकीला हात लावून बराच वेळ कान देत उभे राहिले. "आहे का अजून काही?" मी विचारलं. "न्हाय," म्हणाले, पण हात काही काढेनात. मग सुनेला म्हणाले, "निधान जा."

नळदुर्गला त्यांचा फोन आला, "बंद पडली का?" तुळजापूरला आला, "पडली का?" घरी पोचलो, लेक त्या बाजेवर टेकली, तेवढ्यात तिसरा आला. "कुठंच पडली नाही, पाव्हणं," मी अभिमानानं सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "घर लई गप झालंय हो. कायबी बिघडल्यालं ऐकू येईना. सूनबाईला परत कवा आणता?"

"निधान, पाव्हणं, निधान," असं मी थट्टेनं म्हणालो खरा, पण लगेच फोन लेकीच्या हातात दिला.