अर्जातून कापलेली उत्तरं

पुण्याचा एक धर्मादाय न्यास लोककलांना अनुदान देतो. त्याचा अर्ज मी भरला. अर्जात 'सादरीकरणाची भाषा' असा रकाना होता. तिथं मी 'मराठी' लिहिलं. ते निम्मं खरं होतं.

अर्ज दोन गायकांसाठी होता. संकेश्वर आणि निपाणीच्या मधल्या गावांत, जत्रेत, ते जोडीनं भेदिक, म्हणजे कोड्यांची सवाल-जवाबाची गाणी, गात. डफ वाजवणारे मराठा शेतकरी. त्यांना सगळे अण्णा म्हणत. तुणतुणं वाजवणारे आप्पा. जैन, घरची तंबाखूची शेती. अण्णा मराठीतून कोडं घालायचे, आप्पा कन्नडमधून सोडवायचे. उत्तर आधी ठरलेलं नसे. ते समोर बसलेल्या माणसांकडं बघून तिथंच जुळवायचं. अण्णांचं एक कोडं ठरलेलं होतं : नऊ दारांच्या घराला कुलूप कुठलं? घर म्हणजे देह. एका वर्षी आप्पांनी उत्तर दिलं, जीभ. पुढच्या वर्षी, झोप. उत्तर मिळेपर्यंत डफ खाली ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. एका जत्रेत आप्पा मुद्दाम अडले, तेव्हा अण्णा वैतागून म्हणाले, "आप्पा, हात भरून आला. सोडवा की आता!" आप्पा म्हणाले, "भरू दे. कोडं घालताना कळलं न्हाय व्हय?" लोक हसत राहिले.

न्यासाला पाच मिनिटांचा नमुना हवा होता. माझ्या फोनवर चाळीस मिनिटांचं चित्रण होतं. वर्तमानपत्रात माझं काम बातम्या कापण्याचंच. मी सीमाभागातल्या येळ्ळूरचा; पाटीवरची भाषा हा आमच्याकडं बातमीचा विषय असतो. पुण्याचे लोक कन्नड गाण्याला पैसे देणार नाहीत, असं मी गृहीत धरलं. कुणाला विचारलं नाही. आप्पांची उत्तरं कापली, अण्णांची कोडी ठेवली. इकडच्या कन्नड सरकारच्या खात्याकडं अर्ज केला असता तर मी कोडी कापली असती, हेही नोंदवायला हवं. कलाकारांच्या यादीत आप्पांपुढं लिहिलं, 'साथ : तुणतुणे'. फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून मूळ चित्रण पुसून टाकलं. अण्णांना अर्ज वाचून दाखवला. ते 'बरं' म्हणाले. आप्पा त्या दिवशी शेतात होते. त्यांच्याकडं गेलो नाही.

वर्षभराच्या शिकवणीवर्गासाठी अनुदान मंजूर झालं. उद्घाटन निपाणीत ठेवलं. व्यासपीठावरच्या फलकावर अण्णांचं नाव मोठ्या अक्षरात होतं आणि खाली आप्पांचं, मी लिहिलं होतं तसंच. आप्पांनी चष्मा लावून ते वाचलं.

"काय वो पेपरवाले, मी गात न्हाय व्हय?"

मी म्हटलं, "अर्जात एकच भाषा लिहायची होती, आप्पा."

ते अण्णांकडं वळले. "तुला ठाऊक हुतं?"

अण्णा डफाची कडी चाचपत होते. "मला वाटलं, तुमास्नी सांगितलं असंल."

"सांगितलं की," आप्पा फलकाकडं बघत म्हणाले. "लई मोठ्या अक्षरात सांगितलंय."

ते व्यासपीठावर चढले. तासभर तुणतुणं वाजवलं. तोंड उघडलं नाही. त्यानंतर ते वर्गाला आले नाहीत.

त्या संध्याकाळी मी न्यासाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. अनुदान रद्द होईल या भीतीनं पाठवलं नाही. वर्षभर अण्णांनी आठ जणांना शिकवलं. उत्तरं मी लिहून दिली, मराठीत, यमक जुळवून. ती आठही जण एकसारखी म्हणत.

वर्षाच्या शेवटी न्यासाच्या एक बाई पाहणीला आल्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "उत्तरं पाठ केल्यासारखी का वाटतात?" मी सगळं सांगितलं. "अर्जाच्या शेवटच्या पानावर 'इतर माहिती' अशी जागा होती," त्या म्हणाल्या. "दोन भाषांतलं गाणं आम्हाला चाललं असतं. तेच तर आम्ही शोधत होतो. जुनं चित्रण पाठवाल?"

पाठवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या रविवारी अण्णांना गाडीत घेऊन आप्पांच्या घरी गेलो. आप्पा दारालगतच्या सोप्यात बसले होते. 'या' म्हणाले, आत चहा सांगितला. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. ती कशासाठी, ते कळलं नाही. पुन्हा चित्रण करायला मी फोन काढून त्यांच्यापुढं धरला. अण्णा उठले, डफ घेतला आणि नऊ दारांच्या घराचं कोडं घातलं. आवाज थोडा फाटला होता, पण शब्द सगळे जागेवर होते. शेवटची थाप मारून ते थांबले.

आप्पा ऐकत होते. तुणतुणं भिंतीवर खुंटीला होतं.

"कोडं चांगलं हाय," ते म्हणाले. "च्या घे, अण्णा. गार व्हतोय."

अण्णांनी उभ्यानंच, एका हातात डफ धरून, दुसऱ्या हातानं चहा प्यायला. निघताना आप्पा दारापर्यंत आले. परतीच्या रस्त्यावर मी अण्णांना म्हटलं, डफ मागच्या सीटवर ठेवा. ते न्हाय म्हणाले. घर येईपर्यंत डफ त्यांच्या हातातच होता.