आराखडा मुरबाडचा, बोट बारकूबाईचं

नियोजनाच्या कामात एक मजा असते. नकाशे कपाटात जातात, अहवाल साहेबांच्या टेबलावर जातात, आणि दोन्हींत न बसणाऱ्या गोष्टी आमच्याकडेच साठत राहतात. चहाला बसलो की कुणीतरी म्हणतं, "ए, तो मुरबाडचा किस्सा सांग ना!" मग सांगावाच लागतो.

मुरबाडच्या बाहेर, टोकावड्याच्या रस्त्याला एक टाऊनशिप व्हायची होती. घरं, दुकानं, छोटे कारखाने, शाळा, सगळं एकाच ठिकाणी आणि सगळं सस्टेनेबल. आमची टीम तिघांची. साळवी सर प्रमुख, निलेश सर्व्हेवाला आणि मी. वाटा दाखवायला शेजारच्या ठाकूरवाडीतली बारकूबाई. वय विचारलं तर म्हणायची, "तूच लिव काय ते."

पहिल्या बैठकीत सरांनी गावकऱ्यांना 'सस्टेनेबल' समजावलं. पावसाचं पाणी तिथंच मुरणार, कचऱ्याचं खत होणार, घराजवळ काम, कामाजवळ दुकान, सगळीकडे चालत जायचं. छान वीस मिनिटं बोलले!

मागून एक आजोबा उठले. "सायब, ह्ये तर आमचं गावच झालं. मग तुमी नवीन काय करताय?"

सर म्हणाले, "लिफ्ट."

* * *

निलेशनं ड्रोन उडवून सगळी जमीन मोजली होती. एक सपाट, कोरडा तुकडा त्याला फार आवडला. तिथं पार्किंग टाकलं. मार्चमध्ये आम्ही प्रत्यक्ष बघायला गेलो. तिथल्या झाडाच्या फांदीत, निलेशच्या डोक्याच्याही वर, वाळलेल्या गवताचा मोठा पुंजका अडकला होता.

"बारकूबाई, हे कुठल्या पक्ष्याचं घरटं?"

"पक्षी कुठला रे? वढ्यानं ठेवलाय तो. पावसात हितवर येतो."

निलेशनं वर बघितलं, मग आपल्या पायाखाली बघितलं. पार्किंग त्याच दुपारी हललं!

* * *

सर्व्हेच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, 'रोजच्या खरेदीसाठी किती अंतर चालण्याची तयारी आहे?' पर्याय तीन. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी वाडीतल्या बायकांना विचारत होते. एक जण लाकडाची मोळी खाली ठेवून नीट विचार करायला लागली. शेवटी म्हणाली,

"डोक्यावर काय हाय, त्यावर हाय गो ते."

मी चौथा पर्याय हातानं लिहिला.

* * *

झाडांची मोजणी माझ्याकडे होती. बारकूबाई नाव सांगायची, मी भराभर लिहायचे. ऐन, मोह, आंबा, आंबा, आंबा.

"सगळे आंबा काय लिवतेस? हा गोडा. हा शेंदऱ्या. आन हा किसनचा."

मी रकान्यात लिहिलं, 'किसनचा'. अहवाल तसाच वर गेला. महिन्याभरानं शेरा आला, 'श्री. किसन यांचे ना हरकत पत्र जोडावे.'

किसन म्हणजे बारकूबाईचा भाऊ. त्यानं झाड लावलं, आणि तो जाऊन कित्येक वर्षं झाली होती. आता हा शेरा तिला कसा सांगायचा? मी चाचरतच सांगितलं. ती पदर तोंडाला लावून जी हसायला लागली!

"सही नाय जमायची त्याला. आंबं देईल. मे महिन्यात या म्हणावं."

झाड आम्ही राखलं. त्याच्याभोवती चौक आखला.

* * *

आणि आता तो डबीचा किस्सा.

आराखडा पूर्ण झाला, मॉडेल तयार झालं. टाऊनशिपच्या मालकांकडे पाठवायच्या आधी गावाला दाखवायचं, हा सरांचा नियम. शाळेच्या वर्गात टेबलावर मॉडेल मांडलं. इवल्या इमारती, इवली झाडं, कडेनं पांढरी कंपाउंड वॉल. लोक कौतुकानं बघत होते. बारकूबाई मात्र टेबलाभोवती दोनदा फिरली.

"आमी कुठं?"

वाडी हद्दीबाहेर होती. तिथं आम्ही हिरवा स्पंज चिकटवून जंगल केलं होतं. हे तिला कुणी सांगायचं? निलेश माझ्याकडे बघायला लागला, मी सरांकडे.

बारकूबाईनं कमरेची चुन्याची डबी काढली आणि त्या स्पंजावर ठेवली.

"ही आमची वाडी. अकरा घरं." मग तिनं डबीवर बोट ठेवलं आणि सरळ मॉडेलवरून पुढं सरकवलं, आमच्या हद्दीतल्या विहिरीकडं. "आन पानी हितं."

मध्ये कंपाउंड वॉल होती. बोट थांबलं नाही. टक्‌ करून भिंत निखळली आणि आडवी पडली.

 बारकूबाईनं घाबरून हात मागं घेतला. निलेश गोंद घेऊन धावला.

"राहू दे," सर म्हणाले. "तशीच जाऊ दे."

मॉडेल तसंच गेलं. पडलेली भिंत, आणि डबी. आम्ही तिघंही पुढचे पंधरा दिवस ऑफिसात फोन वाजला की दचकायचो.

मग मालकांकडून मॉडेल परत आलं. भिंत कुणीतरी व्यवस्थित काढून घेतली होती. डबीपासून विहिरीपर्यंत पेन्सिलीनं एक वाट काढलेली होती.

आणि डबीत नवा चुना भरलेला होता.