खिळ्यावरचा टाय

नातू पवईच्या ऑफिसला निघतो तेव्हा मी बहुधा खिडकीत असतो. गोल गळ्याचा शर्ट, पायांत चपला, पाठीला पिशवी. मला त्याचा हेवा वाटतो, कारण मी जन्माचा बुशशर्टवाला. गळ्याशी काही आवळलं की माझं डोकंच चालेनासं होतं. काल मात्र ऑफिसातल्या कसल्याशा समारंभासाठी त्याने टाय इस्त्री करायला काढला आणि गरम रेशमाचा जळकट वास घरभर पसरला. त्या वासासरशी मी घाटकोपरच्या कारखान्यातल्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात जाऊन पोचलो.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही आठ ड्राफ्ट्समन बाह्या दुमडून, उंच स्टुलांवर बसून यंत्रांची ड्रॉइंगं काढायचो. कपड्यांबद्दल कुणी बोलत नसे, फक्त साहेबांच्या केबिनमध्ये टायशिवाय जायचं नाही असा दंडक होता. त्यासाठी दारामागच्या खिळ्यावर एक मरून रंगाचा टाय लटकत असे, आठ जणांत एक. कधीच नोकरी सोडून गेलेल्या एका गोवेकर टायपिस्टने त्याची गाठ बांधून ठेवली होती. बोलावणं आलं की फास डोक्यातून घालायचा, आवळायचा आणि आत जायचं. ती गाठ सोडायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आमच्यातले सगळ्यांत जुने मालवणकडचे, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. टापटिपीचा त्यांना भारी सोस. पँट रोज रात्री गादीखाली घालून झोपायचे. टाय मात्र त्यांनीही कधी घेतला नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना हेड ड्राफ्ट्समनची जागा रिकामी झाली. त्यांची ती शेवटचीच संधी, आणि मुलाखत सोमवारी. शनिवारी माझं लक्ष टायकडे गेलं. आठ मानांच्या घामाने तो काळवंडला होता. दादांसाठी म्हणून मी तो कौतुकाने घरी नेला. आईने रिठ्याच्या पाण्यात धुऊन, कडक इस्त्री करून हातात दिला आणि म्हणाली, "मेली गाठ काय बसली होती रे! सोडवता सोडवता बोटं दुखली माझी."

सोमवारी आम्ही आठही जण त्या पट्टीशी झटत होतो. गाठ कुणालाच येईना. तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. दादांनी टायची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि उघड्या गळ्याने आत गेले.

परत आले ते गळ्यात टाय घालून. साहेबांनी म्हणे तो आधी स्वतःच्या गळ्यात बांधला, सैल करून काढला आणि टेबलावरून त्यांच्यापुढे धरला. जागा मात्र बाहेरून आलेल्या माणसाला मिळाली. मी दादांपुढे जाऊन उभा राहिलो.

"अरे, तू मनाक लावन घेव नको," ते म्हणाले. "त्याच्या नेमणुकीची ऑर्डर शुक्रवारीच टाइप झालेली. माका म्हायत होता."

ते खरं होतं की माझ्यासाठी रचलेलं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं. खरं असेल तर सगळं ठाऊक असूनही त्या सोमवारी त्यांच्या पँटची घडी नेहमीसारखीच कडक होती.

"आजोबा, गाठ येते का हो तुम्हाला?" काल नातवाने विचारलं. मी टाय आधी माझ्या गळ्यात बांधला, सैल करून काढला आणि त्याच्या गळ्यात घातला. कुठे शिकलात, म्हणाला. जन्मात टाय न घेतलेला मी, ती गाठ त्याच आठवड्यात शिकलो होतो.