चित्राभोवतीचं बघणारे भाऊजी

शिकागोच्या म्युझियममध्ये शंभर वेळा जाऊन एकही चित्र न पाहिलेला माणूस साऱ्या अमेरिकेत एकच असेल, आणि ते म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. भाऊजी बघायचे त्या चित्रांभोवतीच्या फ्रेमा. त्यातही जुन्या फ्रेंच, कोरीव, सोन्याचा वर्ख लावलेल्या. ऐंशीच्या दशकात आम्ही मिशिगनमधल्या नोव्हायहून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला त्यांच्याकडे गेलो की ही फेरी चुकायची नाही. एकदा मी एका देखण्या बाईच्या चित्रापुढे रेंगाळले, तर म्हणाले, "वहिनी, तिला राहू द्या. कोपऱ्यातला शिंपला बघा!" आणि तो खालून कसा कोरलाय ते पाहायला स्वतः गुडघ्यांवर बसले. भाऊजींना चक्कर आली असं वाटून गार्ड धावत आला. थोड्या वेळाने तोही वाकून शिंपला बघत होता.

पेशाने इंजिनिअर असलेल्या भाऊजींनी पुढे पुस्तकं आणून बेसमेंटमध्ये स्वतःच तशी फ्रेम करायला घेतली. लाकडावर वेलबुट्टी कोरायची, वर खडू आणि सरसाचे थर द्यायचे, त्यात नक्षी बुजली की ती पुन्हा कोरायची, मग लाल मातीचा हात आणि शेवटी वर्ख. तो इतका पातळ, की हीटिंगच्या झोतानेसुद्धा उडायचा. त्यामुळे भाऊजी खाली उतरले की हीटिंग बंद! बाहेर बर्फ, आणि आम्ही कोट घालून वरणभात खातोय. "मॉम, धिस इज क्रेझी," त्यांची लेक कुरकुरायची. वन्सं जिन्यातून ओरडायच्या, "अहो, पोरगी गारठली!" खालून उत्तर यायचं, "शूऽऽ, वर्खाचं पान हातात आहे!"

तीन बाजू सोन्याच्या झाल्या आणि भाऊजींचे हात कापायला लागले. औषधं सुरू झाली, पण वर्ख काही त्या बोटांना साधेना. त्यांनी फ्रेमवर चादर टाकली. म्युझियमचं नावही काढेनात.

पुढच्या हिवाळ्यात गेलो, तर घर थंडगार. मी खाली डोकावले. वन्सं श्वास रोखून ब्रशवर सोन्याचं पान उचलत होत्या. शेजारी खुर्चीत बसून भाऊजी सांगत होते, "हळू... हं, आता सोड."

पान दुमडलं. "बिघडवलंच मी," वन्सं रडकुंडीला आल्या.

"राहू दे तसंच," भाऊजी म्हणाले. "दुसरं घे."

त्या चौथ्या बाजूला सोनं कुठे दाट, कुठे विरळ. मधूनच लाल माती दिसते. फ्रेम हॉलमध्ये लागली. पाहुणे आले, की भाऊजी दोन्ही हात खिशात घालून तीच बाजू आधी दाखवायचे.