नानांच्या काचा आणि दोन भारे पेंढा

तिसरं खोकं समोर रिकामं होतं आणि पेंढा संपला होता.

जामखेडला नानांच्या फोटो स्टुडिओत मी जमिनीवर उकिडवा बसलो होतो. शेजारी नाना एकेक काच जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. गुंडाळायचं काम त्यांनी मला करू दिलं नव्हतं. "भरा तुम्ही, गुंडाळतो मी," असं आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

"आता हे," नाना म्हणाले. "हे मुद्दाम शेवटाला ठेवलं. त्या दोन खोक्यांत देवळं, शाळांचे ग्रुप, लेन्स. यात माणसं आहेत."

मी तेव्हा नगरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत पॅकर होतो. पॅकर म्हणजे खोकी भरणारा. कुणाची बदली झाली, कुणी घर हलवलं, की कपबश्या, आरसे, तसबिरी, रेडिओ यांना खोक्यात बसवायचं आणि मुक्कामी नीट उतरवून द्यायचं. नानांचं सामान कोपरगावला चाललं होतं. बहात्तरचा दुष्काळ. जामखेडात प्यायला पाणी मिळेना, फोटो कोण काढणार? कोपरगावला त्यांचा मेहुणा होता. तिकडे कॅनॉल होता, ऊस होता, लग्नं धडाक्यात होत होती.

जुने फोटोग्राफर फिल्मऐवजी काचेच्या प्लेटवर फोटो काढत. ती काच म्हणजेच निगेटिव्ह. काच असेपर्यंत फोटोच्या हव्या तितक्या कॉप्या निघतात. काच गेली की संपलं. खेड्यात बहुतेकांचा जन्मात एकच फोटो निघे, आणि तो नानांनी काढलेला असे. पुढे माणूस गेलं की घरचे यायचे, नाना फडताळातून काच काढायचे.

आमच्या कंपनीच्या शेठनी मला याची कल्पना देऊन पाठवलं होतं. "चार भारे पेंढा देतोय. भाताचा आहे, अकोले तालुक्यातून आणलाय. आज तो सोन्याच्या भावात आहे. फक्त काचांना वापरायचा. बाकीचं गोधड्यांत गुंडाळ."

"चार पुरतील शेठ."

"पुरतीलच. हिशोब करूनच दिलेत."

आणि तरी मी जामखेडला दोनच भारे घेऊन गेलो होतो.

निघायच्या सकाळी माझे वडील नगरच्या गोडाऊनवर आले होते. पारनेरच्या बाजूला आमची कोरडवाहू जमीन, बैलजोडी. त्यातला एक आधीच गेला होता. जनावरांची सरकारी छावणी उघडणार उघडणार म्हणत होते, पण उघडली नव्हती. वडील ट्रकमधल्या भाऱ्यांकडे बघत उभे राहिले.

"दोन भारं दे. पाखऱ्या कालपास्नं उठंना झालाय."

"आण्णा, तो कंपनीचा माल आहे. काचांसाठी आहे."

"काचंला पेंढा? काच काय रवंथ करती व्हय?"

ड्रायव्हर बाबूभाई मोठ्याने हसला. मीही हसलो. वडील हसले नाहीत. "आठ दिस काढले तर वाचंल बग," एवढंच म्हणाले.

शेठ अजून यायचे होते. मी दोन भारे उतरवले, एस.टी.च्या टपावर चढवून दिले. मग लाकडाच्या वखारीत गेलो आणि दोन पोती भुसा भरून आणला.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं. काच आडवी ठेवायची नसते. फडताळात वह्या लावतात तशी उभी लावायची. दोन काचांमध्ये पेंढा, तळाला पेंढा, वर पेंढा. पेंढ्याला अंगची उसळी असते. दाबला की परत उठतो, त्यामुळे हादरा तो खातो. लाकडाचा भुसा उठत नाही, तो बसतो. ट्रक हादरेल तसा खाली खाली जातो, वर पोकळी पडते आणि काचा एकमेकींवर आपटू लागतात. भुसा भरून खोकं हलवून पाहिलं तर आवाज येत नाही. आवाज येतो चाळीस-पन्नास मैल गेल्यावर. हे मला पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं. न कळून झालं, असं मला म्हणता येणार नाही.

मी मनाशी ठरवलं होतं, बिनमहत्त्वाच्या काचा भुशात घालू. आधी येतील त्या महत्त्वाच्या, असं समजून पेंढा पहिल्या दोन खोक्यांतच संपवला. पण नानांनी महत्त्वाच्या शेवटाला ठेवल्या. तोवर पहिली दोन खोकी खिळे मारून बंद झाली होती.

आतल्या घरातून नानांच्या पत्नी, वहिनी, डोकावल्या. "भाऊ, लुगडी देऊ का? सासूबाईंची ट्रंकभर पडलीत. मऊ आहेत अगदी."

लुगडी चालली असती. पेंढ्याहून चांगली चालली असती. पण चार भारे येणार हे शेठनी नानांना पत्रातून कळवलेलं. लुगडी घेतली की पेंढा कमी का पडला हा प्रश्न आला असता.

"नको वहिनी," मी म्हणालो. "आमचं कंपनीचं पॅकिंग असतं."

नानांनी पोत्यात हात घालून पाहिला. "हा भुसा चालतो काचेला?"

"उत्तम. परदेशी सामान भुशातच येतं."

नानांनी मान हलवली आणि पुढची काच माझ्या हातात दिली. त्यांचा धंदा त्यांना ठाऊक होता, माझा मला. म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वहिनी पहाटेच्या एस.टी.ने पुढे गेल्या होत्या. बाबूभाईने गाडी फार जपून चालवली. "नाना, पोटुशी सून बसवलीय असं समजून चालवतो," तो म्हणाला. नाना केबिनमध्ये आमच्या मध्ये बसले होते. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा हात आपोआप डॅशबोर्डवर जायचा. रस्ता नगरपर्यंत तरी बरा होता. राहुरीच्या पुढे नुसती खडी. मी बाहेर बघत राहिलो.

कोपरगावला दुपारी पोचलो. पहिलं खोकं उघडलं, एक तडा नाही. दुसरं उघडलं, लेन्ससुद्धा जशीच्या तशी. नाना खूश झाले, वहिनींना चहा टाकायला सांगितला. मग मी आणि बाबूभाईने तिसरं खोकं उचललं. आतून आवाज आला. वाळूत चमचा फिरवावा तसा. बाबूभाईने माझ्याकडे पाहिलं.

एकशे चाळीस काचा होत्या. सतरा शाबूत निघाल्या.

नाना ओसरीवर बसले आणि एकेक तुकडा उजेडात धरून बघू लागले. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा दिसतो, केस पांढरे. आपल्याला त्यातून माणूस ओळखू येत नाही. नाना अर्ध्या कपाळावरून ओळखत होते. "हे खर्ड्याचे गुरुजी... ही पोर लग्नात काढली होती, पुढच्या साली बाळंतपणात गेली." असं बराच वेळ चाललं. वहिनींनी आणलेला चहा तसाच राहिला.

मग त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं.

"माझं काही चुकलं का हो? गुंडाळण्यात?"

त्या वेळी खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "कागद जरा सैल झाले असतील, नाना."

"हो," ते म्हणाले. "शेवटी शेवटी घाई केली मी. हात दुखत होते."

नगरला शेठनी विचारलं, "फुटलं कसं?"

"गिऱ्हाइकाने स्वतः गुंडाळलं होतं."

"स्वतः ना? मग आपल्यावर नाही. विषय संपला."

पाखऱ्या जगला. छावणी उघडेपर्यंत त्या दोन भाऱ्यांनी त्याला तगवलं. पुढं सहा वर्षं त्याने नांगर ओढला. मी गावी गेलो की वडील कौतुकाने दाखवायचे, "ह्यो तुज्या काचंच्या पेंढ्यावर जगला बग." बैल वाचला याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. लुगडी नको म्हणालो, त्याचं वाटतं.

वर्षाने कोपरगावात माल उतरवायला गेलो होतो. न जावंसं वाटूनही नानांच्या दुकानी गेलो. त्यांनी आनंदाने बसवून घेतलं. तेवढ्यात एक बाई आत आली. पायांवर धूळ, हातात पिशवी. जामखेडच्या पलीकडच्या खेड्यातून एस.टी. बदलत आली होती.

"नाना, माज्या लेकाचा फोटू काढला हुता तुमी. साळंत असताना, एकट्याचा. आता न्हाई तो. आमच्याकडचा वाळवीनं खाल्ला. एक कापी काढून द्या."

नाना उठून उभे राहिले. "बाई, काच फुटली. सामान हलवताना माझ्या हातून सैल बांधली गेली."

ते हे सरावाने बोलले. त्याआधी किती जणांना सांगितलं असेल, कोण जाणे.

बाई खाली बसली. "तुमाला तरी आठवतो का?"

"आठवतो. हस म्हटलं तर आणखीच गंभीर झाला."

"व्हय," ती म्हणाली. "तसाच हुता." मग तिनेच नानांची समजूत काढली. "जाऊ द्या. तुमी काय मुद्दाम केलं का?"

मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. बोललो नाही. नाना पुढे आठ वर्षं जगले. त्या आठ वर्षांतही बोललो नाही. आता वहिनीही नाहीत, म्हणून हे लिहायला धीर झाला. यात काही मोठेपणा नाही.

मी त्यानंतर पुष्कळ वर्षं खोकी भरली. गिऱ्हाइकाला साधी बशीसुद्धा स्वतः गुंडाळू दिली नाही. काही जण रागावायचे, काही म्हणायचे माणूस कामाचा पक्का आहे. कारण एवढंच की कागद, दोरी, खिळे सगळं माझ्या हातचं असलं, म्हणजे फुटल्यावर दोष द्यायला दुसरं कुणी उरत नाही.