कोपऱ्यांचा घुमट

आमच्या ताईला ऑफिसात 'गोलूबाई' म्हणतात. इमारतीत गोल, वाकलेलं, फुगलेलं काही असलं की ते काँप्युटरवर उभं करायचं काम हिच्याकडे. सरळ भिंतीवाले वेळेत घरी जातात, आमच्या बाईसाहेब जिन्याचं वळण डोक्यात घेऊन जेवतात. तिच्या हाताला तोड नाही, हे मी सख्खी धाकटी बहीण असूनही सांगते.

त्या वाचनालयाच्या घुमटाने मात्र तिची पार शोभा केली. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये खरा गोल नसतोच. सपाट तुकडे जोडून गोल असल्याचा आव आणायचा. तुकडे जितके बारीक, तितका घुमट गुळगुळीत आणि तितकंच काँप्युटरचं रडगाणं. काँप्युटर सारखा अडकायला लागला म्हणून ताईने तुकडे मोठे केले आणि मधल्या कडा पडद्यावर दिसणार नाहीत अशी सोय चालू केली. कारखान्यात पाठवायच्या आधी पुन्हा बारीक करू म्हणाली आणि साफ विसरली. पडद्यावर घुमट कसा लोण्यासारखा! कारखान्याने त्याच फाइलवरून घुमटाचे पत्रे कापले.

परांच्या उतरल्या तेव्हा वर कोपरेच कोपरे. ताई साहेबांसमोर ढसाढसा रडली. साहेब म्हणजे तिचे आर्किटेक्ट, बोलायला तिखट. "आता रडून पत्रे वाकणार आहेत का? मी बघतो काय ते," एवढंच म्हणाले. आणि उद्घाटनाला माइकवरून बेधडक सांगितलं, "हे पैलू मुद्दाम ठेवले आहेत." वर ताईला स्टेजवर बोलावून फुलंही दिली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं. खाली आमचे बाबा, जन्मभर बस चालवलेला माणूस, हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होते.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "पण तू दाखवलेलं चित्र गोल गरगरीत होतं गं. हे कोपरे कुठून आले? साहेबाने बदललं का?"

मी ताईकडे बघितलं. सांग की बाई! बाबा काय फासावर देणार होते?

"हो," ताई म्हणाली.

झालं. तेव्हापासून बाबा येईल त्याला सांगत सुटले, "पोरीने सुंदर गोल केला होता. त्या शहाण्याने वाट लावली आणि वर भाषण ठोकलं!" ताई अशा वेळी उठून स्वयंपाकघरात जायची. एकदा तिथेच गाठून मी तिला झापलं, "लाज कशी वाटत नाही गं?"

"खूप वाटते," ती म्हणाली. "पण आता सांगितलं आणि त्यांच्या मनातून उतरले तर?"

मग बाबा पडले, पाय मोडला. साहेब फळं घेऊन भेटायला आले. बाबांनी बसा म्हणायचं सोडून थेट विचारलं, "माझ्या मुलीचं काम का हो बिघडवलंत?"

साहेबांनी ताईकडे बघितलं. ती पाण्याचा ग्लास धरून दारात उभी. आता तरी बोलेल, असं मला वाटलं. साहेबही तेवढ्यासाठीच थांबले असावेत.

शेवटी तेच म्हणाले, "चुकलं माझं, काका. तिचाच घुमट बरोबर होता."

"कबूल केलंत ना, मग विषय संपला!" बाबा एकदम खुलले. "बसा, बसा. अगं, बघत काय राहिलीस? पाणी दे साहेबांना."

ताईने खाली मान घालून पाणी दिलं.