वाकळेचा घास

देवावर विश्वास आहे का, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी "आहे की" म्हणून पुन्हा गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरायला लागले असते. आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग लहानपणापासून आहे. आंघोळ झाली की भस्म लावायचं, घटकाभर डोळे मिटायचे, की लागले दुकानाला. आमच्या घरात खरी पूजा सासूबाईंची. त्यांना मी आत्या म्हणते. डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसल्या की दारात बँड वाजला तरी त्यांची मान वर व्हायची नाही. आणि पूजेआधी अन्नाचा कण तोंडात जायचा नाही. तापानं फणफणल्या असतील तरी आधी पूजा, मग पेज, मग गोळी. मला त्याचं कौतुक कमी आणि वैतागच जास्त होता, कारण तोवर ताटं वाढून मी ताटकळत बसायची.

मामा, म्हणजे माझे सासरे, आजारी पडले तेव्हा आत्यांनी महादेवाला साकडं घातलं. रोज पूजेत त्याच्याशी बोलायच्या, "एवढं माझं ऐक." मामा गेले. समाधी देऊन माणसं घरी आली, तशा आत्या भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मी त्याच्याशी बोलत न्हाई." मला वाटलं, मामांवर रुसल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, रुसवा महादेवावर होता. लिंग गळ्यातून काढलं नाही, पण हातात घ्यायला तयार नाहीत. पूजा नाही, आणि पूजा नाही म्हणून जेवणही नाही! देवाशी भांडायचं आणि त्याचाच नियम पाळत भांडायचं, असलं भांडण मी बापजन्मात पाहिलं नव्हतं. "आत्या, दोन घास खा" म्हटलं की, "पूजेबिगर कसं जेवू?" बरं, मग पूजा करा. तर म्हणायच्या, "त्याचं तोंड बघायचं न्हाई मला." जरासा चहा, जरासं ताक, एवढ्यावर बाई सुकत चालली. आमच्या ह्यांनी पाय धरले, भावकीतल्या बायका समजावून गेल्या. गावातल्या डॉक्टरांनी घरी येऊन सलाईन लावलं आणि जाताना दारात हळूच म्हणाले, "ह्या अशाच राहिल्या तर माझ्या हातात काही नाही." तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

तिकडं सेलूला माझ्या नणंदेचे, मंगलचे, दिवस भरत आले होते. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर राहिलेलं तिचं हे पहिलंच लेकरू. बापाचं दुःख तिनं कसंबसं गिळलं होतं. रोज फोन करून एकच विचारायची, "वहिनी, आई जेवली का?" मी "हो, आत्ताच जेवल्या" म्हणायची आणि फोन ठेवून रडायची. खोटं बोलायला लाज वाटायची, पण खरं तरी कोणत्या तोंडानं सांगणार?

आमच्याकडं लेकराच्या अंगाखालची पहिली वाकळ, म्हणजे गोधडी, आजीच्या हातची असते. घरच्या थोरल्या माणसाचं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर तिच्यासाठी घेतात. आमच्या पिंगळी गावात आत्यांनी न शिवलेल्या वाकळेवर वाढलेलं लेकरू शोधून सापडायचं नाही. मी मामांचं धोतर काढलं, आत्यांच्या जुन्या लुगड्याचा काठ लावला आणि दुकानाच्या पायरीवर बसून स्वतःच शिवायला घेतलं. शिवणकामात मी अगदी ढ. माझे टाके म्हणजे चिखलातून कोंबडी चालत गेलेली! मनात एक लबाडी होती. वाटलं, असलं ध्यान बघून तरी आत्या चिडतील, माझ्या हातातून हिसकून घेतील. मुद्दाम त्यांच्या अंथरुणाशी नेऊन दाखवलं. त्यांनी एकदा टाक्यांकडं पाहिलं, मामांच्या धोतरावरून बोटं फिरवली आणि पुन्हा भिंतीकडं वळल्या. त्या क्षणी माझा धीर सुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी गळ्यातलं लिंग मुठीत घट्ट धरलं. काय मागावं ते सुचेना. "आता तूच बघ बाबा, माझं डोकं चालंना," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तशीच पायरीवर शिवत बसले होते. आमचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला आहे. आत्यांची खोली दुकानाला लागूनच आणि दार उघडं. एक म्हातारी आली, हातात कापडी पिशवी. "गाडी लेट हाय म्हणं. पाणी दे गं बाई." पाणी प्याली आणि माझ्या मांडीवरची वाकळ बघून खो खो हसली. "कोणाचा राग काढायलीस ह्या कापडावर? आण इकडं." सुई घेतली आणि बोलता बोलता माझे वाकडे टाके उसवून असे बारीक, सरळ घातले की मी बघतच राहिले. तीन कोपरे मिटले. चौथा कोपरा राहिला तेव्हा तिनं सुई थांबवली.

"घास भरला का वाकळंला?"

"घास? तो कसला?"

"अगं, लेकराची वाकळ उपाशी ठेवत न्हाईत. भाकरीचा कुटका आत घालायचा, मग कोपरा मिटायचा. घरातल्या थोरल्या बाईनं मिटायचा, आन् आधी तिनं त्याच भाकरीतलं खायचं. उपाशी हातानं मिटली तर लेकरू दुधाला रडतंय."

मी म्हटलं, "आजी, उंदीर लागतील की!" ती म्हणाली, "लागत न्हाईत. भरून तर बघ." तेवढ्यात आतून आवाज आला. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला. "पोरी, पाणी तापव."

मी धडपडत आत गेले. आत्या भिंतीला धरून उठत होत्या. आंघोळ झाली, कपाळाला भस्म लागलं, डाव्या तळहातावर लिंग आलं. मी चुलीपाशी पीठ मळत होते आणि कान तिकडं. आत्या महादेवाला म्हणत होत्या, "तुझ्यासाठी बसले न्हाई मी. माझ्या मंगलचं लेकरू उपाशी राहील म्हणून बसले." मग पुढचं शब्दात नव्हतं, नुसतं रडणं होतं. मामा गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दुधात कुस्करून अर्धी भाकरी त्यांनी खाल्ली. मला त्या भरल्या डोळ्यांमुळं नीट दिसल्यासुद्धा नाहीत.

म्हातारीसाठी भाकरी बांधून मी बाहेर आले, तर पायरीवर रिकामा तांब्या आणि घडी घातलेली वाकळ. गाडीची शिटी ऐकू आली होती. स्टेशनपर्यंत पळत गेले, गाडी सुटली होती. ती कोण, कुठली, काही विचारायचं राहूनच गेलं. पुढं कितीजणींना विचारलं, पण कुणाच्या ओळखीची निघाली नाही. असेल कुणी वाटसरू. मी त्यावर वाद घालत नाही.

त्याच भाकरीचा कुटका आत घालून आत्यांनी चौथा कोपरा मिटला. मंगलला मुलगी झाली. आत्या स्वतः वाकळ घेऊन सेलूला गेल्या. परत आल्या तेव्हा माझ्यापेक्षा जास्त बोलत होत्या. एकदा निवांत बसलो असताना मी विचारलं, "आत्या, ही घास भरायची रीत तुमच्या माहेरची का?"

"कुठली गं? मी गावाच्या वाकळा शिवल्या, एकीत घास घातला न्हाई. ऐकलंबी नव्हतं कधी."

"मग त्या दिवशी उठलात कशा?"

आत्यांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "रुसलेल्या माणसाला कुणीतरी जेव म्हणायला यावं लागतंय. मी बोलत नव्हते त्याच्याशी. पण त्याला मला उपाशी बघवंना."

माझी लबाडी, डॉक्टरांचं सलाईन, ह्यांची विनवणी, सगळं थकलं तेव्हा मी "तूच बघ" म्हणाले होते. एवढंच माझं शरण जाणं, तेही नाइलाजाचं. त्यानं तेही गोड मानून घेतलं. आता आत्यांची पूजा होईपर्यंत ताट वाढून बसायला मला वैताग येत नाही, मीही शेजारी बसते. आणि आमच्या घरातल्या प्रत्येक वाकळेला आता घास भरतात. अजून एकीलाही उंदीर लागलेला नाही.